लसीतील ॲल्युमिनियम आणि मांडीवरची गाठ

प्रश्न : नातवाला उपकेंद्रात पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस दिल्यापासून डाव्या मांडीवर बारीक गाठ आहे. लसीत ॲल्युमिनियम असते असे वाचले, ते कशासाठी? आरोग्यसेविकाताईंनी एक कुपी गोठल्याचे सांगून बाजूला काढली. मे महिन्यात ४५ अंशांवर पारा जाणाऱ्या आमच्या भागात लस थंडीने कशी बिघडते?
— एक आजी, यावल (जि. जळगाव)

उत्तर : पाच रोगांवरच्या या लसीत इतर घटकांबरोबर घटसर्प व धनुर्वाताची निष्प्रभ केलेली विषे आणि कावीळ-बच्या विषाणूचे एक प्रथिन असते. असे शुद्ध प्रथिन एकटेच टोचले, तर शरीराला त्यात धोका जाणवत नाही आणि प्रतिकार दुबळा राहतो. तो वाढवणाऱ्या द्रव्याला ॲडज्युव्हंट म्हणतात. १९२६ मध्ये ब्रिटिश संशोधक ग्लेनी यांनी घटसर्पाच्या लसीत तुरटीच्या साहाय्याने हा परिणाम दाखवला आणि ॲल्युमिनियमचे क्षार आजही सर्वाधिक वापरात आहेत. प्रथिन या क्षाराच्या कणांना चिकटते, टोचल्या जागी थोडा दाह होतो, त्यामुळे धावून आलेल्या पेशी ते प्रथिन उचलून जांघेतल्या लसीकाग्रंथींत नेतात आणि तेथे प्रतिपिंडे (रोगाशी लढणारी प्रथिने) तयार करण्याचे काम सुरू होते. एका मात्रेत १.२५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त ॲल्युमिनियम चालत नाही.

हे क्षार प्रतिपिंडे चांगली वाढवतात, पेशींमार्फत होणारा प्रतिकार मात्र फारसा नाही. म्हणूनच कोर्बेव्हॅक्स या कोरोनावरच्या लसीमध्ये त्यांच्या जोडीला सीपीजी हे कृत्रिम डीएनएचे तुकडे घातले आहेत.

आता गोठण्याविषयी. बर्फाचे स्फटिक होताना क्षाराचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, लसीची ताकद घटते आणि वितळल्यावरही ती परत येत नाही. अशी कुपी हलवून ठेवली की साका भराभर तळाशी बसतो व वर निवळ पाणी दिसते. उन्हाळ्यात हा धोका उलट वाढतो, कारण उन्हाच्या धास्तीने डीप फ्रीझरमधले आईसपॅक तसेच्या तसे व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये (लस नेण्याच्या थंड पेटीत) भरले जाण्याची शक्यता असते. पॅक हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत ते बाहेर ठेवावे लागतात. लस २ ते ८ अंशांतच राहायला हवी. ताईंनी ती कुपी वापरली नाही, हे अत्यंत योग्य केले.

नातवाची गाठ त्या स्थानिक दाहाचीच असण्याची शक्यता अधिक. दुखत नसेल तर ती काही आठवड्यांत आपोआप विरते. चोळू नका, शेकू नका. ती लाल व गरम झाली, वाढू लागली, पू दिसला किंवा ताप राहिला, तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. केवळ गाठ राहिली म्हणून दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याचे डोस मात्र चुकवू नका.