प्रश्न तुमचे: बिनकिल्ल्याचं फोर्ट वर्थ

प्रश्न: मुलगा डॅलसला असतो. मे महिन्यात आम्ही दोघं दोन महिन्यांसाठी जातोय. शेजारच्या फोर्ट वर्थबद्दल विचारलं तर म्हणतो, "तिथे गुरांशिवाय आहे काय?" तुम्ही तिथे राहून आलात, असं मागे लिहिलं होतंत. निदान किल्ला तरी आहे ना बघण्यासारखा? — एक वाचिका, सातारा

उत्तर: ताई, किल्ला नाही. लेकीकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा दुसऱ्याच दिवशी मी जावयाच्या मागे लागलो होतो, किल्ला दाखव म्हणून. त्याने मला कोर्टाच्या गुलाबी ग्रॅनाइटच्या इमारतीमागे नेलं, कड्यावरून खालची ट्रिनिटी नदी दाखवली आणि म्हणाला, "बाबा, इथे होता." होता म्हणजे काय, तर लाकडी बराकी. बुरूज नाही, तट नाही. 6 जून 1849 रोजी मेजर रिप्ली आर्नल्डने वस्तीच्या सरहद्दीवर ही छावणी टाकली, आधी नदीकाठी, मग पुरापायी कड्यावर. नाव दिलं जनरल वर्थ यांचं. ते बिचारे महिनाभर आधीच सॅन अँटोनिओत कॉलऱ्याने गेले होते. पुढे सरहद्द आणखी पश्चिमेला सरकली आणि 1853 मध्ये फौजेने गाशा गुंडाळला. आजूबाजूच्या लोकांनी रिकाम्या बराकींचा ताबा घेऊन दुकानं थाटली. गावाची सुरुवात ही अशी, फौज निघून गेल्यावरची.

तुमचे चिरंजीव जे बोलले ते डॅलसवाले दीडशे वर्षं बोलत आलेत. 1873 च्या मंदीत रेल्वेचं काम अडलं आणि फोर्ट वर्थ ओस पडू लागलं. 1875 मध्ये डॅलसच्या एका वर्तमानपत्राने टिंगल केली, की तिथे इतकी सामसूम आहे की भर रस्त्यात पँथर झोपलेला दिसला. दुसरं गाव असतं तर चिडलं असतं. यांनी पँथरच आपलं चिन्ह करून टाकलं. आज पोलिसांच्या बिल्ल्यावरसुद्धा तोच आहे. पुढच्याच वर्षी, 19 जुलै 1876 ला, रेल्वे आली. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 9 लाख 18 हजारांवर होती.

गुरांचं म्हणाल तर ती बघाच. टेक्सासमधून कॅन्सासच्या रेल्वेपर्यंत गुरं हाकत नेण्याची चिशोम ट्रेल नावाची वाट होती, तिच्यावरचा हा मोठा मुक्काम. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आर्मर आणि स्विफ्ट या मांसाच्या बड्या कंपन्या इथे आल्या आणि स्टॉकयार्ड्सचा, म्हणजे गुरांच्या खरेदी-विक्रीच्या वाड्यांचा, बाजार फुगला. नंतर ट्रक आले, गुरं परस्पर गावोगावच्या बाजारांत जाऊ लागली, आणि इथली आवक आटली. आता रोज सकाळी साडेअकरा आणि दुपारी चार वाजता एक्स्चेंज अ‍ॅव्हेन्यूवरून लाँगहॉर्न गुरांचा छोटासा कळप फिरवतात. आहे पर्यटकांसाठीच, पण मी चार वेळा गेलो. एकेका बैलाची शिंगं अशी आडवी पसरलेली, की दोन्ही हात ताणले तरी कमी पडावेत. शेजारच्याला शिंग लागू नये म्हणून तो मान किंचित तिरकी करून चालतो, गर्दीत छत्री सांभाळत जाणाऱ्या माणसासारखा. मे-जूनचं ऊन असेल तुमच्या वाट्याला. चारची वेळ मुळीच धरू नका, साडेअकराला उभ्या राहा, तेही सावलीच्या बाजूला. टोप्यांच्या दुकानात नुसतं शिरायला हरकत नाही. किमती बघून मी टोपी हळूच होती तिथे ठेवली.

गाडी नसेल तर डॅलसच्या युनियन स्टेशनवरून ट्रिनिटी रेल्वे एक्स्प्रेस थेट येते. रविवार सोडून जा.

प्रश्न: आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लुई कान यांचं फोर्ट वर्थमधलं किंबेल म्युझियम आमच्या अभ्यासात आहे. सामान्य माणसाला ते कसं वाटतं? — एक विद्यार्थी, पुणे

उत्तर: सामान्य माणूस म्हणून मला विचारलंस, आनंद झाला. अहमदाबादच्या आयआयएममधल्या विटांच्या प्रचंड गोल कमानी मी पाहिल्या होत्या. त्याच माणसाचं काम म्हणून किंबेलला गेलो आणि बाहेरून निराश झालो. काँक्रीटच्या लांबट कमानी ओळीने मांडलेल्या, एखाद्या गोदामासारख्या. आत पाऊल टाकलं आणि सूर बदलला. प्रत्येक कमानीच्या माथ्यावर लांब फट आहे. तिच्यातून आलेलं ऊन खाली टांगलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर आपटतं, परत छताकडे फिरतं आणि मग खाली उतरतं. उघड्या काँक्रीटवर चांदीची झाक येते. मध्येच ढग आला तेव्हा सगळं दालन काळवंडलं आणि मिनिटभरात पुन्हा उजळलं. मी चित्रं सोडून छताकडेच बघत होतो. रखवालदाराला याची सवय असावी.

इमारत 1972 ची. कायमचा संग्रह फुकट बघता येतो. त्यात मायकेलएंजेलोने बारा-तेरा वर्षांचा असताना रंगवलेलं म्हणून संग्रहालयाने 2009 मध्ये घेतलेलं संत अँथनीचं एक छोटं चित्र आहे, भुतांनी त्याला हवेत ओढलंय असं. समोरच तादाओ आंदो या जपानी वास्तुकाराचं मॉडर्न आर्ट म्युझियम, पाण्यात उभं असल्यासारखं. तू दोन दिवस ठेव.

प्रश्न: तिकडून आठवण म्हणून काय आणावं? बजेट बेताचं आहे. — एक वाचक, नांदेड

उत्तर: एक डॉलर. थट्टा नाही. मी जन्मभर बँकेत कॅशियर होतो, नोट हातात आली की आधी बारीक अक्षरं बघतो. अमेरिकेच्या नोटा दोनच ठिकाणी छापतात, वॉशिंग्टनला आणि 1991 पासून फोर्ट वर्थला. इथे छापलेल्या नोटेवर, चेहऱ्याच्या बाजूला उजवीकडे, चिमुकली 'एफडब्ल्यू' अक्षरं असतात. भिंग लागेल. मी एक कोरी नोट शोधून पाकिटाच्या आतल्या कप्प्यात जपली होती. परतीच्या दिवशी विमानतळावर लेकीने सुटे हवेत म्हणून माझंच पाकीट उघडलं, आणि ती सामान उचलणाऱ्या पोराच्या हातावर गेली.