दोन्ही हातांचा बीपी मोजून घ्या

ताई, तुम्ही लिहिलंय की धाकटी बहीण २६ वर्षांची, विड्या वळताना डावा हात भरून येतो, थोडं थांबलं की बरं वाटतं, आणि मानेच्या एक्स-रेत काही नसतानाही पट्टा लावायला सांगितलाय. दिवसभर सूप मांडीवर घेऊन बसल्यावर हात दुखणारच, असं घरचे म्हणतात. पण विडी दोन्ही हातांनी वळतात. मग एकच हात का गळतो?

आधी एवढं करा. सिव्हिलच्या मेडिसिन ओपीडीत जाऊन दोन्ही हातांचा बीपी मोजायला आणि नाड्या बघायला सांगा. माझ्या भावजयीचा उजव्या हाताचा वरचा आकडा १३० आला. डाव्या हाताला नर्सबाईंनी पट्टा पुन्हा आवळून, कोपराच्या आत स्टेथोस्कोप दाबून ऐकलं, तेव्हा कुठे ८८. मनगटाची नाडी बोटाला लागतच नव्हती. तिला निघाला टाकायासू आर्टरायटिस. मोठ्या रोहिण्यांच्या, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळ्यांच्या, भिंतीला सूज येते, भिंत जाड होते आणि आतली वाट अरुंद होत जाते. १९०८ मध्ये जपानचे नेत्रतज्ज्ञ मिकितो टाकायासू यांनी याची नोंद केली. आजार दुर्मिळ, पण होतो तो बहुतेक चाळिशीच्या आतल्या बायकांना. सुरुवातीला नुसता बारीक ताप, थकवा, वजन उतरणं, म्हणून लक्षात येत नाही.

फरक आला म्हणजे हेच, असं नाही. मानेजवळची जादा बरगडीही रोहिणी दाबू शकते. मिश्री किंवा विडीची सवय असेल तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. डॉप्लर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) आणि सीटी अँजिओग्राफीत (रोहिण्यांचा सीटी स्कॅन) चित्र स्पष्ट होतं. ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या; ते नॉर्मल आले म्हणून विषय सोडू नका, आजार असूनही ते नॉर्मल येऊ शकतात.

निदान झालंच तर उपचार ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या आणि अशा सुजेच्या आजारांच्या डॉक्टरांकडे. आधी स्टेरॉइड, जोडीला बहुधा मेथोट्रेक्सेटसारखं प्रतिकारशक्ती आवरणारं औषध. चेहरा सुजला म्हणून स्टेरॉइड मनाने बंद करू नये, ते धोक्याचं आहे. लग्न, मूल यांचा विचार असेल तर आधीच बोला. मेथोट्रेक्सेट गरोदरपणात चालत नाही.

हात अचानक पांढराफटक, गार पडला, बोलणं अडखळलं किंवा एका डोळ्याने दिसेनासं झालं, तर ओपीडीची वाट न बघता तडक इमर्जन्सी गाठा.

आणि पुढे बीपी कायम चांगल्या हातावरच मोजायचा. किडनीची रोहिणी अरुंद झाली तर बीपी खूप चढतो, पण आजारी हातावर तो कमीच दिसतो. दोन्ही हात आजारी असतील तर पायावर मोजतात.