हूड लेन्सवरच असू द्यावे

प्रश्न : सप्टेंबरमध्ये कास पठारावर सकाळी सोनकी आणि तेरड्याची छायाचित्रे काढली. सूर्य चौकटीत नव्हता, तरी बरीच चित्रे फिकी आणि धुरकट आली. १८-५५ मिमी झूम लेन्सबरोबर मिळालेले पाकळ्यांच्या आकाराचे हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारे, बाजूचे ऊन अडवणारे कडे) मी वापरत नाही, कारण यूव्ही फिल्टर (लेन्सपुढे लावायची, अतिनील किरण अडवणारी काच) कायम लावलेला असतो. हूडने खरोखर फरक पडतो का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : फरक नक्की पडतो, आणि आपण वर्णन केलेल्या परिस्थितीत तर तो सर्वांत जास्त पडतो. सकाळचा सूर्य खाली असतो. तो चौकटीबाहेर असला तरी त्याचे ऊन लेन्सच्या पुढच्या काचेवर तिरके पडते. या प्रकाशाचा चित्राशी काही संबंध नसतो, पण आतल्या काचांवर आणि नळीच्या भिंतींवर परावर्तित होत तो अखेर सेन्सरवर विरळ पसरतो. त्यामुळे गडद भाग राखाडी होतात आणि रंग फिके पडतात. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. आधुनिक लेपांमुळे हे प्रमाण १ टक्क्याच्या खाली येते, तरीही झूम लेन्समध्ये असे पृष्ठभाग पुष्कळ असल्याने काचेवर पडणारे ऊन मुळातच अडवणे अधिक चांगले.

यूव्ही फिल्टर हे काम करत नाही. उलट त्यामुळे सर्वांत पुढे आणखी दोन परावर्तक पृष्ठभाग येतात, म्हणून फिल्टर लावणाऱ्याला हूडची गरज अधिकच असते.

आपल्या लेन्सबाबत एक मर्यादा मात्र लक्षात घ्यावी. झूम लेन्सचे हूड सर्वांत रुंद दृश्याला, म्हणजे येथे १८ मिमीला, बेतलेले असते. ते याहून लांब केले तर चित्राचे कोपरे काळे होतील. ५५ मिमीवर दृश्यकोन निम्म्याहूनही कमी होतो, पण हूड तेवढेच आखूड राहते आणि बाजूचे बरेच ऊन आत येऊ देते. अशा वेळी हूड असूनही तळहात किंवा टोपी धरून काचेवर सावली पाडावी आणि ती चौकटीत डोकावत नाही ना, हे पाहावे. छायाचित्रकारांची ही जुनी सवय आजही तितकीच उपयोगी आहे.

हूड खटका लागेपर्यंत फिरवून बसवावे, कारण आयताकृती चौकटीसाठी लांब पाकळ्या वर-खाली आणि आखूड पाकळ्या डावी-उजवीकडेच यायला हव्यात. अनेक जण ते उलटे बसवूनच छायाचित्रे काढतात. ती केवळ पिशवीत ठेवण्याची सोय आहे, त्या स्थितीत सावली मिळत नाही.

फुलाच्या अगदी जवळ जाऊन चित्र घेताना हूडची सावली फुलावरच पडत असेल, तर ते बेलाशक काढावे. कॅमेऱ्यातला फ्लॅश वापरतानाही चित्राच्या तळाशी हूडची गोलसर सावली उमटू शकते. सूर्यच चौकटीत असेल, तर त्याच्या थेट प्रकाशापुढे हूडचा इलाज नाही. एरवी ते ढगाळ दिवशीही लावलेले असावे, कारण पावसाळ्यातले पांढरे, उजळ आभाळ पठारावर वरून आणि चारही बाजूंनी प्रकाश टाकत असते.

खात्री करायची असल्यास कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून, सूर्य बाजूला असताना, १८ मिमीवर एकच दृश्य त्याच एक्स्पोजरला हूडसह आणि हूडशिवाय टिपावे आणि दोन्ही चित्रांतील सावलीचा भाग संगणकावर मोठा करून पाहावा.