आधी पाय ओले होतात

मावशी, मी वेंगुर्ले तालुक्यातल्या एका मच्छीमार सोसायटीत कारकून आहे. वय 29. नवरा जहाजावर कामाला, वर्षातले आठ महिने बाहेर. सोसायटीचे चेअरमन माझे धर्मपिता. माझ्या बाप्तिस्म्याला मेणबत्ती त्यांनीच धरली, आणि भावाच्या होडीच्या कर्जाला जामीनही तेच. ज्या होड्या महिनोन्महिने शाकारून पडल्यात त्यांच्या नावानं डिझेल उचलल्याच्या नोंदी मी करते, सरकारकडून मिळणाऱ्या डिझेल-परताव्याच्या कागदावर सही करते. दोन वर्षं झाली. एकदा विचारलं, तर म्हणाले, "वडीलधाऱ्यांच्या आज्ञेत राहावं, शास्त्रातच आहे." आई म्हणते, "आपणाक काय करूचा आसा? गप रव." रोज रात्री रोजरी झाली की देवाकडे धैर्य मागते. येत नाही. माझा विश्वासच कमी आहे का?
— भित्री

बाय गो,

हे नाव तू घेतलंयस, मी काही त्या नावानं तुला हाक मारणार नाही. दोन वर्षं जी गोष्ट तुला झोपू देत नाही, ती तुझ्यातलं काहीतरी शाबूत आहे म्हणूनच झोपू देत नाही.

तुझ्या प्रश्नापेक्षा तुझ्या प्रार्थनेबद्दल मला जास्त बोलायचंय. तू धैर्य मागतेस आणि ते आलं की सही थांबवीन म्हणतेस. म्हणजे एके सकाळी उठशील, छातीत धडधड नसेल, आणि सरळ चेअरमनांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहशील. अशी सकाळ मला सत्तर वर्षांत दिसलेली नाही. यहोशवाच्या पुस्तकातला तिसरा अध्याय काढ. इस्राएली लोकांना यार्देन नदी ओलांडायची होती आणि दिवस कापणीचे, नदी दुथडी भरलेली. देवानं पाणी आधी आटवून "आता या" म्हटलं का? नाही. कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पेटी, उचललेल्या याजकांचे पाय काठाच्या पाण्यात बुडाले, मग वरून येणारं पाणी थांबलं. पाय टाकताना समोर पूरच होता. (पावसाळ्यात आपल्या व्हाळात कुणी हे करून बघू नये, तिथे देवानं तसं काही सांगितलेलं नाही.) "खंबीर हो, हिंमत धर" हे वाक्य त्याच पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात आहे, आणि ते आज्ञा म्हणून आहे. "तुला हिंमत वाटेल" असं तिथे लिहिलेलं नाही. वाटण्याबद्दल देव फारसं बोलतच नाही.

व्हॉट्सॲपवर एक गोष्ट फिरते, तुलाही आली असेल: बायबलात "भिऊ नको" बरोबर 365 वेळा आहे, दिवसाला एक. मोजायला बसलं की जुळत नाही, भाषांतर बदललं की आकडाही बदलतो. पण ज्यांना ते सांगितलं गेलं ते सगळे भ्यायलेले होते, एवढं मात्र खरं. दिमिष्कातला, म्हणजे दमास्कसचा, ख्रिस्तशिष्य हनन्या घे. ख्रिस्ताच्या लोकांचा छळ करणाऱ्या शौलाकडे जा म्हटल्यावर तो देवाशी चक्क वाद घालतो: या माणसानं काय काय केलंय ते मी ऐकलंय, आणि इथेही आपल्या लोकांना धरून न्यायचा अधिकार घेऊन आलाय. देव रागावत नाही, पुन्हा "जा" म्हणतो. आणि हा जातो, नीट नावाच्या रस्त्यावर, आणि त्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवून "शौल भाऊ" म्हणतो. त्या हाताला कंप नव्हता असं कुठे लिहिलंय?

आता "वडीलधाऱ्यांची आज्ञा". हे वाचून माझं डोकं तापलं, खोटं कशाला सांगू. शास्त्रात ते आहेच. पण त्याच शास्त्रात खोटी साक्ष देऊ नको हेही आहे, आपल्या कॅथलिक मोजणीत आठवी आज्ञा, बहुतेक प्रॉटेस्टंटांच्या नववी. दोन्ही एकमेकींना भिडल्या तर काय करायचं, ते प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायात पेत्रानं न्यायसभेसमोर सांगितलंय: माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. आणि पेत्र कोण? जाळी टाकणारा. तुझ्या सोसायटीतला सभासद शोभला असता. आणखी एक. तुझ्या बाप्तिस्म्याच्या वेळी सैतानाचा आणि त्याच्या साऱ्या कृत्यांचा त्याग करतो, असं तुझ्या आईवडिलांबरोबर याच गृहस्थांनी म्हटलंय. ते त्यांच्या तोंडावर मारू नकोस, निदान पहिल्या भेटीत तरी. तुझ्या मनात असू दे.

आज्ञा पाळायची ती देवाची, दुसऱ्या कुणाच्या विश्वासाची उसनवारी करून नव्हे. कवी नारायण वामन टिळक आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. त्यांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 मध्ये. मधली पाच वर्षं त्या बाईंनी नवऱ्याच्या हिमतीवर ढकलली नाहीत, स्वतःच्या पायांनी चालून आल्या. म्हणून मीही "उद्याच कर" म्हणणार नाही. पण पुढची सही कधी आहे ते तुला माहीत आहे.

मी स्वतः शाळेत शिकवत असताना न आलेल्या मुलांची हजेरी भरायला सांगितली होती. मी भरली. वर्षभर. धैर्याची वाटच पाहत होते. शेवटी थांबवलं ते कसं, तर एका सकाळी पेन उचललं आणि हात पुढे गेला नाही, बस. हेडमास्तरांना कारण सांगायलाही जमलं नाही, नुसतं "मला नाही जमणार" म्हटलं आणि रडले. तेवढ्यानंच भागलं. म्हणून म्हणते, तुझं वाक्य छोटं ठेव. "काका, इथून पुढे जी होडी समुद्रात गेली नाही तिच्या नावानं मी सही करणार नाही." घरी आरशासमोर दहादा म्हण. त्यांच्या घरी जा, खळ्यात बसून बोल, ऑफिसात चार जणांसमोर नको आणि फोनवर तर नकोच. मग तेच दोन ओळींत लिहून तारीख घालून दे, एक प्रत तुझ्याजवळ ठेव.

पण त्याआधी वकील. हे अगदी आधी. दोन वर्षांच्या कागदांवर सही तुझी आहे, चेअरमनांची गोष्ट नंतर, तुझी मान आधी अडकेल. बाईमाणसाला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते, 1987 चा कायदा आहे. ओरोसला कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे अर्ज कर. काय काय सही केलंस त्याची आठवेल तेवढी यादी नेताना घाबरशील, घाबरत ने. मत्स्यव्यवसाय खात्याकडे जायचं की नाही, कधी आणि कसं, ते वकिलाला विचारून ठरव, माझ्या किंवा आईच्या भावनेवर नको.

फादरांकडेही जा. कुमसारात, म्हणजे पापांच्या कबुलीत, सांगितलेलं ते कुणालाही सांगू शकत नाहीत, चेअरमनांनाही नाही, ते पॅरिश कौन्सिलात असले तरी. पण फादर वकील नाहीत आणि वकील फादर नाहीत. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेऊ नकोस.

भावाच्या कर्जाची धास्ती मला कळते. सहसा, उचललेल्या कर्जाला जामीन राहिलेला माणूस मन फिरलं म्हणून बँकेच्या संमतीशिवाय मोकळा होत नाही. चेअरमन रागावतील, भावाला चार शब्द ऐकवतील, पण होडी उद्या ओढून नेता येणार नाही. तरी भावाला आधी सांग. दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर तो तुझ्यावरच चिडेल, आणि त्याचं चिडणं चुकीचं नसेल.

आईला मात्र सगळं झाल्यावर सांग. "गप रव" हे तिनं तिच्या आयुष्यात शिकलेलं शहाणपण आहे, तिला ते उपयोगीही पडलं असेल. तिच्याशी भांडू नकोस, आता तिच्याकडून हिंमतीची अपेक्षाही नको.

तुझ्या नवऱ्याचं तू काहीच लिहिलं नाहीस. त्याला हे माहीत आहे का? रात्रीच्या फोनवर सांग, जहाजावरच्या माणसाला एवढं तरी कळायला हवं. आणि ओरोसला एकटी जाऊ नकोस, भावाला घे बरोबर.