माझ्याकडे झाकूचं, म्हणजे ‘गंडम’ या जपानी ॲनिमेशन मालिकेतल्या हिरव्या लढाऊ महायंत्राचं, १/१४४ मापाचं (खऱ्याच्या १४४ पट लहान) हाय ग्रेड किट आहे. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) नसताना ते रंगवून कोल्हापुरात राबलेलं यंत्र वाटेल असं कसं करायचं?

एअरब्रश नसला तरी नक्की जमतं. तुमच्याकडे १/१४४ चा हाय ग्रेड झाकू आहे म्हणजे अर्धं काम कंपनीनेच केलंय. बंदाई या जपानी खेळणी कंपनीचं पहिलं गंडम किट जुलै १९८० मध्ये ३०० येनला आलं, तेव्हा गोंद लावून जोडावं लागायचं आणि रंगही आपणच द्यायचा. आताचं प्लास्टिक मुळातच रंगीत येतं आणि भाग नुसते दाबून बसतात. त्यामुळे हिरवा रंग बदलायचा नसेल तर तोच पाया धरा. वरून मॅट क्लिअरचा (चकाकी नसलेल्या पारदर्शक स्प्रेचा) एक हात दिला की खेळण्याची चकाकी जाते आणि पत्र्याचा भास यायला लागतो.

रंग उघडण्याआधी हे यंत्र कुठे उभं असतं आणि काय काम करतं, ते मात्र ठरवा. ते ठरलं नाही तर सगळीकडे सारखाच काळा-तपकिरी मळ फासला जातो. त्यातून यंत्र जुनं दिसत नाही, नुसतं घाण दिसतं. कोल्हापूरचंच करायचं असेल तर माझं मत आहे की महापुरात मदतीला उतरलेला झाकू करा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चा पूर आपण पाहिलाय. पाणी ओसरल्यावर भिंतींवर राहिलेली ती आडवी रेघ आठवा. ती रेघ तुमच्या झाकूच्या पायांवर आली की बघणाऱ्या कोल्हापूरकराला काही सांगावं लागणार नाही.

आता माप. कथेत झाकू साडेसतरा मीटर उंच आहे, म्हणून किट सुमारे १२ सेंटिमीटरचं. घराचा पहिला मजला गाठणारं दहा फूट पाणी या प्रमाणात जेमतेम २१ मिलिमीटर होतं, म्हणजे रेघ गुडघ्याच्या बरीच खाली येते. कमरेपर्यंत गाळ दाखवलात तर अख्खी तीन मजली इमारत बुडाल्यासारखं होईल. हाच हिशोब ओरखड्यांना लावा. मॉडेलवरचा १ मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या यंत्रावर १४ सेंटिमीटर रंग उडालेला. म्हणून टवके जितके बारीक तितकं यंत्र मोठं वाटतं.

कामाचा क्रम असा ठेवा. भाग निपरने (छोट्या कापणीच्या पकडीने) रनरपासून, म्हणजे ते ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यापासून, थोडं अंतर ठेवून कापा, मग उरलेलं टोक दुसऱ्यांदा कापा. ४०० पासून १००० नंबरपर्यंत वॉटर पेपर ओला करून फिरवा, धूळ उडत नाही. साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. संपूर्ण रंग बदलायचा असेल तरच प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) मारा. गाडीच्या रंगाचा स्प्रे वापरणार असाल तर आधी रिकाम्या रनरवर मारून बघा, काहींचा थिनर प्लास्टिक खातो. पत्र्यांच्या जोडांसारख्या कोरीव रेषांत गडद रंग भरायला एनॅमल रंग वापरत असाल तर भाग सुटे करून घ्या आणि थिनर कमीत कमी ठेवा. जोडात अडकलेल्या, ताणाखालच्या प्लास्टिकमध्ये तो झिरपला की भाग तडकतो. लॅकर या जास्त तीव्र थिनरच्या रंगावर एनॅमल चालतं, पण एनॅमलवर लॅकर मारलं तर खालचा थर विरघळतो.

स्प्रेबद्दल आपल्या गावात एक गोष्ट पाळावीच लागते. जून ते सप्टेंबर मॅट क्लिअर मारायची घाई करू नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ तिथेच धरते आणि हिरव्या रंगावर पांढरी झाक येते. पाऊस उघडलेल्या कोरड्या दिवशी, दुपारी, गच्चीवर मारा. एकदम जाड नको, हलके दोन-तीन हात द्या. थंडीतही पहाटेचं धुकं निवळू द्या. आणि मास्क साधा कापडी नको, रंगाच्या वाफेसाठी असतो तो वापरा.

आता रंगत. एखाद्या दुपारी शिवाजी उद्यमनगरात चक्कर मारा, किंवा गळीत हंगामात कारखान्याबाहेर उभ्या ट्रॉल्या नीट बघा. रंग कुठून जातो? जिथे हात लागतो, पाय पडतो, साखळी घासते, तिथून. ट्रॉलीच्या फाळक्याची कड उघडी पडलेली असते, पण मधला पत्रा बऱ्याचदा शाबूत असतो. गंज बोल्टाखालून सरळ खाली ओघळतो. झाकूवरही तसंच करा: स्पंजच्या तुकड्याला गडद तपकिरी रंग लावा, कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करा आणि पावलांच्या कडा, बोटं, गुडघे, खांद्याच्या ढालीची धार एवढ्याच जागी हलकं टेकवा. ओघळ अगदी पातळ रंगाचे, वरून खाली. इथे झाकू निवडल्याचा फायदा आहे: कथेप्रमाणे त्याचं चिलखत पोलादी मिश्रधातूचं आहे, म्हणून गंज शोभतो. मालिकेचं नायक यंत्र असलेल्या गंडमचं चिलखत टायटॅनियमचं, त्यावर तांबूस गंज खोटा वाटतो.

पुराची रेघ शेवटी, आणि त्याआधी झाकू कायम ज्या पवित्र्यात उभा राहणार आहे तसा उभा करून ठेवा. नंतर पाय वाकवला तर रेघ तिरकी होते आणि पाणी काही तिरकं उभं राहत नाही. पेन्सिल २१ मिलिमीटर उंचीच्या ठोकळ्यावर आडवी धरा आणि मॉडेल सपाट टेबलावर गोल फिरवा; दोन्ही पायांवर एकाच पातळीत खूण येते. मग तपकिरी, राखाडी आणि थोडा पांढरा असे कोरडे पेस्टल खडू घासून पूड करा. खरी माती नको, तिचे कण या मापात दगडांएवढे दिसतात. पूड पाण्यात कालवा, भांड्याच्या साबणाचा एक थेंब घाला आणि खुणेच्या खाली लावा. वाळल्यावर किंचित ओल्या इअरबडने वरून खाली पुसा, म्हणजे खाचांत गाळ राहतो आणि उघड्या पत्र्यावर नुसती झाक उरते. खुणेवर एक जरा गडद, बारीक कड ठेवा, तरंगत आलेला केरकचरा तिथेच चिकटलेला असतो. वाळलेला गाळ ओल्यापेक्षा बराच फिकट असतो, म्हणून रंग मनात आहे त्याहून फिकट घ्या. नाही पटलं तर पाण्याने धुऊन परत करता येतं, फक्त खालचा मॅट क्लिअर आधी पक्का वाळलेला हवा. पटलं की वरून पुन्हा अगदी हलका क्लिअर द्या. पूड त्यात थोडी फिकी पडते, तेव्हा आधी हात जरा सढळ ठेवा.