श्वास बदलायचा नाही, जाणायचा

सजगता ध्यान (आत्ता जे जाणवतंय ते न बदलता पाहण्याचा सराव) आणि आरोग्य याविषयी वाचकांनी विचारलेले प्रश्न

प्रश्न : दोन वर्षांपासून कंबर दुखते. तपासण्यांत गंभीर काही निघालं नाही. डॉक्टरांनी सजगता ध्यान सुचवलं आहे. पण दुखण्याकडे मुद्दाम लक्ष दिलं, तर ते वाढणार नाही का?

उत्तर : पहिले काही दिवस वाढल्यासारखं वाटेल. एरवी आपण दुखण्याकडे पाठ फिरवून असतो, आता त्याच्याकडे तोंड केलेलं असतं. पण दुखण्याकडे पाहणं वेगळं आणि दुखण्याची काळजी करणं वेगळं. संयुत्त निकाय या पाली बौद्ध ग्रंथातल्या सल्ल सुत्तात बुद्धांनी हा फरक दोन बाणांनी समजावला आहे. शरीराची वेदना हा पहिला बाण. ‘हे कधी थांबणार, माझंच असं का’ हा मनाने मारून घेतलेला दुसरा. सराव आहे तो हा दुसरा बाण न मारण्याचा.

पाठीवर झोपा, गुडघ्यांखाली उशी घ्या. वीस ते तीस मिनिटं हाताशी ठेवा. डाव्या पायाच्या बोटांपासून सुरुवात करून तळवा, घोटा, पोटरी, मांडी असं वर या. मग उजवा पाय, मग धड, हात, मान, चेहरा. प्रत्येक ठिकाणी तीन-चार श्वास थांबा. कंबरेशी आलात की ‘दुखतंय’ हा एक शब्द बाजूला ठेवून नेमकं काय जाणवतं ते पाहा : ताण, उष्णता, ठणका? त्याची कड कुठे संपते? मध्येच कमी होतो का? फार झालं तर लक्ष तळहातांवर आणा, थोड्या वेळाने परत जा. कूस बदलावीशी वाटली तर खुशाल बदला. फक्त आधी ती इच्छा उठलेली पाहा, मग बदला.

बहुतेकांची चूक एकच होते. रोज उठताना ‘आज किती कमी झालं?’ असं मोजायचं. मोजणं हाच दुसरा बाण. दुसरी चूक म्हणजे दुखणं शिगेला पोचल्यावरच ध्यानाला बसणं. पोहायला पुरात शिकत नाहीत.

संशोधनाचा निकालही याच्याशी जुळतो. जुनाट कंबरदुखीच्या 342 रुग्णांवरचा अभ्यास 2016 मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. सहा महिन्यांनी रोजच्या हालचालींत ठळक सुधारणा सजगता गटातल्या सुमारे 61 टक्के लोकांत दिसली, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत 44 टक्क्यांत. दुखण्याचा त्रास ठळक कमी झालेले मात्र 44 आणि 27 टक्के. म्हणजे दुखण्याचा त्रास कमी झालेल्यांपेक्षा वावर सुधारलेले लोक जास्त होते. बोधात्मक वर्तन उपचारांनीही (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारे उपचार) जवळपास तेवढाच फायदा झाला, हेही सांगायला हवं. पायात बधिरपणा, लघवीवरचा ताबा सुटणं, ताप किंवा कारणाशिवाय वजन उतरणं यांपैकी काही दिसलं, तर ध्यान राहू द्या, आधी डॉक्टरांना गाठा.

प्रश्न : श्वासावर लक्ष ठेवायला गेलं की श्वासच अडकतो, छाती भरून येते. नाहीतर झोप लागते.

उत्तर : तुम्ही श्वास पाहत नाही, चालवताय. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या सजगतेवरच्या प्रवचनात, श्वासाच्या पहिल्या दोन पायऱ्यांसाठी क्रियापद आहे ‘पजानाति’, म्हणजे जाणतो. श्वास लांब असेल तर लांब आहे हे जाणतो, आखूड असेल तर आखूड. ‘सिक्खति’, म्हणजे शिकतो, सराव करतो, हे क्रियापद त्यानंतर येतं. हा क्रम उलटा केला की नेमका तुमच्यासारखा त्रास होतो. दोन आठवडे नाकपुड्यांशी श्वास पाहणं सोडा. हात पोटावर ठेवून त्याचं वरखाली होणं तेवढं जाणा, किंवा श्वास बाजूला ठेवून जमिनीला टेकलेल्या तळपायांवर लक्ष द्या. झोप येत असेल तर डोळे अर्धे उघडे ठेवा, जेवणानंतर लगेच बसू नका, दहा मिनिटं चालत ध्यान करा. आणि रात्रीची झोपच अपुरी असेल, तर ध्यानात लागणारी झोप ही शरीराची मागणी आहे. ती आधी पुरवा.

प्रश्न : नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत. ध्यान जमू लागलं की त्या सोडता येतील का?

उत्तर : स्वतःच्या मनाने कधीही नाही. झिंडेल सिगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी सजगतेवर आधारलेला आठ आठवड्यांचा जो उपचार बांधला, तो मुळात नैराश्यातून सावरलेल्यांना पुन्हा झटका येऊ नये यासाठी. 2000 सालच्या त्यांच्या अभ्यासात तीन किंवा अधिक झटके येऊन गेलेल्यांत नैराश्य परतण्याचं प्रमाण नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत 66 टक्के, तर हा उपचारही घेणाऱ्यांत 37 टक्के होतं. दोनच झटके आलेल्यांना फायदा दिसला नाही. 2015 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या 424 रुग्णांच्या अभ्यासात, हा उपचार घेत गोळ्या हळूहळू कमी करणाऱ्यांपैकी 44 टक्के आणि गोळ्या चालू ठेवणाऱ्यांपैकी 47 टक्के लोकांना दोन वर्षांत पुन्हा त्रास झाला. फरक नगण्य. यातला ‘हळूहळू’ हा शब्द सोडू नका. तिथे मात्रा वैद्यकीय देखरेखीखाली उतरवली होती. गोळी एकदम बंद केली तर चक्कर, निद्रानाश, अस्वस्थता येऊ शकते आणि दोष ध्यानाला दिला जातो.

सध्या नैराश्य तीव्र असेल, किंवा पूर्वी मोठा आघात झाला असेल, तर डोळे मिटून लांब बसू नका. जुन्या आठवणी अंगावर येऊ शकतात. पाच मिनिटं, डोळे उघडे, जाणकार शिक्षक सोबत, एवढ्यावरच राहा. जीव नकोसा वाटत असेल तर आजच डॉक्टरांशी किंवा जवळच्या माणसाशी बोला.

प्रश्न : आठ आठवड्यांत मेंदूची रचना बदलते, हे खरं का?

उत्तर : तसं भरवशाने म्हणता येत नाही. 2011 च्या ज्या अभ्यासावरून ही गोष्ट पसरली, त्यात ध्यान शिकलेले अवघे 16 जण होते. 2022 मध्ये दोनशेहून अधिक लोकांना घेऊन, तुलनेसाठी नीट गट ठेवून पाहिलं, तेव्हा आठ आठवड्यांनी रचनेत तसा बदल आढळला नाही. जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सजगतेचा वर्ग सुरू केला, तोही मेंदू बदलायला नव्हे, तर उपचार करूनही दुखणं न हटलेल्या रुग्णांसाठी. चिडचिड उठल्याचं तुम्हाला आधीपेक्षा लवकर कळतं का, हे तपासायला मेंदूचं छायाचित्र लागत नाही.