उतार एक, मते तीन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही पुण्यातील तिघे मित्र फेब्रुवारीत गुलमर्गला स्कीइंगसाठी जाणार आहोत. तिघांचेही प्राथमिक आणि मध्यम स्तराचे प्रशिक्षण झालेले आहे. या वेळी गोंडोलाच्या (रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्याने अफरवट पर्वतावर जाऊन, गस्तीपथकाची हद्द सोडून ताज्या बर्फातून उतरावे, असे एकाचे म्हणणे आहे. आधी कोणी उतरल्याच्या खुणा दिसतील तेथूनच उतरावे, असे दुसरा म्हणतो. बर्फ पडून दोन दिवस झाल्याखेरीज वर जाऊच नये, असे माझे मत असल्याने दोघे मला भित्रा ठरवतात. बरोबर कोणाचे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तिघांचेही थोडे थोडे बरोबर आहे, असे लिहिले तर तुमची मैत्री टिकेल, पण ते खरे नव्हे. तुमचे मत इतर दोघांपेक्षा सत्याच्या जवळ आहे. मात्र तेही जसेच्या तसे वापरण्याजोगे नाही.

तुमचा पहिला मित्र ‘मला हा उतार उतरता येईल का?’ एवढ्याच प्रश्नाचे उत्तर देत आहे. ‘हा उतार आज जागेवर टिकेल का?’ हा प्रश्न निराळा असून त्याचा कोणाच्याही कौशल्याशी संबंध नाही. थरांची हिमस्खलने, म्हणजे बर्फाचा अख्खा थर एकदम सुटून घसरण्याचे प्रकार, बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात आणि पंचाईत अशी, की ताज्या बर्फातून घसरण्याची खरी मजाही याच उतारांवर असते. शिवाय ज्या स्खलनांत स्कीअर सापडतात, त्यांतील बहुसंख्य त्यांच्या स्वतःच्या किंवा त्यांच्याच गटातील कोणाच्या तरी भाराने सुटलेली असतात. ८ फेब्रुवारी २०१० रोजी याच अफरवटच्या कुशीतील खिलनमर्ग येथे लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलची तुकडी हिमस्खलनात सापडली आणि १७ जण मृत्युमुखी पडले. बर्फात वावरण्याचे प्रशिक्षण हाच ज्या संस्थेचा विषय, तिची ही गोष्ट आहे.

दुसऱ्या मित्राचा युक्तिवाद वरवर समंजस वाटतो, म्हणूनच मला तो अधिक धोकादायक वाटतो. खुणा एवढेच सांगतात, की आधीचा माणूस जेथून गेला तेथे, त्या वेळी, उतार सुटला नाही. वरचा घट्ट थर सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो. चार जण जाड भागावरून निभावून गेले आणि पाचव्याची स्की खडकाजवळच्या पातळ भागावर आली, तर तेथून खालच्या कच्च्या थरापर्यंत भार पोहोचतो आणि अख्खा उतार एकदम सुटतो. अमेरिकी अभ्यासक इयन मॅकॅमन यांनी हिमस्खलनाच्या अपघातांचा अभ्यास करून माणसे कोणत्या समजुतींमुळे फसतात हे मांडले आहे. ओळखीची जागा, गटातील जाणकारावरचा आंधळा विश्वास, आजूबाजूला इतर लोक दिसल्याने येणारा धीर आणि ‘आपल्याआधी कोणी तरी ही पावडर (ताजा भुसभुशीत बर्फ) उडवून जाईल’ ही घाई, या त्यांतील काही होत. तुमच्या पत्रात यांतील दोन तरी मला दिसतात.

आता तुमच्या दोन दिवसांविषयी. हिमवृष्टी चालू असताना आणि ती थांबल्यानंतरचा पहिला दिवसभर धोका सहसा सर्वांत जास्त असतो, हे खरे आहे. पण आकाश निळेशार असतानाही नुसता वारा डोंगरधारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून आडोशाच्या बाजूवर रचत असतो आणि तेथे नव्या बर्फाची एक कणीही न पडता काही तासांत जड थर तयार होतो. खाली कच्चा थर दबलेला असेल, तर तो दोन दिवसांत नव्हे, कित्येक आठवड्यांतही सावरत नाही. तेव्हा दिवस मोजण्याऐवजी उतार मोजावा. मोबाइलमधील कोनमापकाने काठीच्या आधारे उताराचा कोन काढता येतो. बर्फाची खात्री नसेल त्या दिवशी ३० अंशांपेक्षा कमी उतारावरच राहावे आणि डोक्यावर त्याहून तीव्र उतार लटकलेला नाही ना, हेही पाहावे. ही दुसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. पायाखालून ‘धप्प’ असा दबका आवाज आला, स्कीपासून पुढे बर्फाला भेग धावली किंवा शेजारच्या उतारावर ताजे स्खलन दिसले, तर चर्चा तेथेच थांबवून मागे फिरावे.

गुलमर्गचे गस्तीपथक गोंडोलाच्या आजूबाजूच्या ठरावीक भागावर लक्ष ठेवते आणि तेथील धोका कमी करण्याचे काम करते. धारेवरून डावी-उजवीकडे त्या हद्दीबाहेर गेलात, की निर्णय सर्वस्वी तुमचा. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या हापतखुड भागात झालेल्या हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर मरण पावले. तुमच्या गटात मतभेद राहिलाच, तर सर्वांत सावध माणसाचा नकार अंतिम मानावा आणि हे गोंडोलात बसण्यापूर्वीच ठरवावे. धारेवर, गार वाऱ्यात, स्की बांधून उभे राहिल्यावर नकार देणे फार जड जाते.

प्रश्न : बर्फ कमी पडलेल्या वर्षी धोकाही कमी, असे समजावे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : उलटही असू शकते. बर्फाचा थर पातळ आणि हवा फार थंड असली, की जमिनीलगतचे शून्य अंशांच्या आसपासचे तापमान आणि वरच्या पृष्ठभागाचे तापमान यांतील फरक थोड्याशाच जाडीत सामावतो. त्यामुळे आतील बाष्प वर सरकत राहते आणि तळाच्या बर्फाचे रूपांतर रव्यासारख्या सुट्या, एकमेकांना न धरणाऱ्या दाण्यांत होते. पुढे एखादा जोरदार पश्चिमी विक्षोभ आला, की त्या दाण्यांवर एकदम मोठे ओझे पडते. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग जवळजवळ कोरडे होते. महिनाअखेरीस आणि फेब्रुवारीत बर्फ पडला आणि २२ फेब्रुवारीला तेथील हिमस्खलनात एका रशियन स्कीअरचा मृत्यू झाला. त्या दिवशी नेमका कोणता थर सुटला यावर मी येथून निवाडा देणार नाही, परंतु हंगामाचा असा क्रम दिसला, की अनुभवी स्कीअर सावध होतात. पातळ बर्फाखाली दगड आणि झाडांचे बुंधे लपलेले असतात, हा त्रास वेगळाच.

प्रश्न : गटातील प्रत्येकाने बीकन भाड्याने घेतला, तर पुरेसे नाही का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. बीकन हिमस्खलन थांबवत नाही. तो अंगावर बांधायचे, सतत रेडिओ संदेश सोडणारे छोटे यंत्र असून गाडलेल्या माणसाची जागा शोधायला मदत करतो. त्याच्या जोडीला प्रत्येकाकडे बर्फात खुपसून माणूस चाचपण्याची घडीची काठी (प्रोब) आणि धातूचे फावडे हवे, कारण दबलेला बर्फ हाताने उकरता येत नाही. पूर्ण गाडले गेलेल्यांपैकी पहिल्या १०-१५ मिनिटांत बाहेर काढलेले बहुसंख्य वाचतात आणि त्यानंतर ही शक्यता झपाट्याने घसरते. म्हणजे बचावपथकाची वाट पाहण्याइतका वेळ नसतो; शोधायचे आणि खणायचे ते शेजारच्या मित्रालाच. म्हणून एक जण एका वेळी उतरेल आणि बाकीचे सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवतील, हा शिरस्ता मोडू नये. पहिल्या दिवशी सपाट जागी एक बीकन बर्फात पुरून तो शोधण्याचा सराव आळीपाळीने करावा, आणि खिशातील मोबाइल बीकनपासून दूर ठेवावा, कारण त्याने संदेशात अडथळा येतो.